एडिसनची पेटी की लुमिएरांचा पडदा : चलच्चित्राची गोष्ट कोठून सुरू करावी?

शाळेत, महाविद्यालयात किंवा गावातल्या फिल्म सोसायटीत चित्रपटाच्या इतिहासाचे पहिले सत्र घ्यायचे ठरले, की घेणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. हाताशी तास एकच असतो आणि समोरच्या मुलांना एकच यंत्र नीट उलगडून दाखवता येण्यासारखे असते, तेव्हा सुरुवात अमेरिकेतल्या एडिसनच्या कायनेटोस्कोपपासून, म्हणजे एकेकाने डोकावून चलच्चित्र पाहायच्या पेटीपासून करावी, की फ्रान्समधल्या लुमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफपासून, म्हणजे पडद्यावर चलच्चित्र दाखवणाऱ्या यंत्रापासून? असे सत्र मी काही वेळा घेतले आहे, दोन्ही मार्गांनी घेतले आहे, आणि दोन्ही वेळी मुलांच्या हाती पडलेली गोष्ट पुष्कळ वेगळी होती. ज्यांना ही निवड करायची आहे त्यांच्यासाठी ही दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

‘पहिला कोण’ हा वाद आधीच बाजूला ठेवणे बरे, कारण त्या वादात तास संपतो आणि हाती काही लागत नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली होती. १८८२ साली फ्रान्समध्ये मारे या शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने उडत्या पक्ष्यांचे टप्पे टिपले होते. १८८८ च्या ऑक्टोबरात ल प्रँसने इंग्लंडमधील लीड्स येथे एका बागेतली हालचाल चित्रित केली होती, आणि दोनच वर्षांनी तो फ्रान्समध्ये आगगाडीत बसल्यानंतर कायमचा बेपत्ता झाला. पॅरिसमध्ये रेनो १८९२ पासून हाताने रंगवलेल्या चित्रांच्या पट्ट्या पडद्यावर दाखवत होता, तर बर्लिनमध्ये स्क्लादानोव्स्की बंधूंनी १ नोव्हेंबर १८९५ रोजी, म्हणजे लुमिएरांच्या प्रसिद्ध खेळाच्या जवळजवळ दोन महिने आधी, तिकीट लावून चलच्चित्रे दाखवली होती. एवढी नावे फळ्यावर लिहून ठेवली तरी पुरे. पुढे जगभर जी परंपरा चालली ती मुख्यतः दोन ठिकाणांहून, न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथून आणि फ्रान्समधील ल्योंहून, निघाली.

एडिसनच्या बाजूची गोष्ट ऑक्टोबर १८८८ पासून सुरू होते. आवाज टिपून पुन्हा ऐकवणारा फोनोग्राफ कानासाठी जे करतो ते डोळ्यासाठी करणारे यंत्र आपण बनवत आहोत, अशी नोंद त्याने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात केली. कल्पना एडिसनची असली तरी ती प्रत्यक्षात उतरवण्याचे बहुतेक काम त्याच्या प्रयोगशाळेतील विल्यम केनेडी लॉरी डिक्सन या तरुणाने केले, आणि सत्रात डिक्सनचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. सुरुवातीला फोनोग्राफच्याच धर्तीवर नळकांड्यावर सूक्ष्म चित्रे बसवण्याची खटपट झाली व ती फसली. पुढे ईस्टमनच्या कंपनीची सेल्युलॉइडची लवचीक फीत बाजारात आली आणि वाट मोकळी झाली. डिक्सनने ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी ठरवली आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे पाडली. वाचताना हा तपशील क्षुल्लक वाटतो, परंतु माझ्या दृष्टीने एडिसनच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे, आणि त्याकडे पुढे यावेच लागेल.

कायनेटोस्कोप म्हणजे सुमारे चार फूट उंचीची लाकडी पेटी. वरच्या बाजूला डोळे लावण्याची खिडकी, आत रिळांवर खालीवर नागमोडी गुंडाळलेली जवळजवळ पन्नास फुटांची अखंड फीत, तिच्याखाली विजेचा दिवा आणि मध्ये एक अरुंद फट असलेली फिरती चकती. विजेच्या मोटरवर फीत अजिबात न थांबता धावत असे. प्रत्येक चित्र खिडकीखालून जाताना चकतीची फट क्षणभर त्याच्यासमोर येई, तेवढ्याच क्षणापुरता प्रकाश मिळे, आणि चित्र पुसट होण्याच्या आत फट पुढे निघून जाई. पेटीची सारी मर्यादा या रचनेत आहे. प्रकाशाला मिळणारा वेळ इतका तोकडा, की पेटीत वाकून पाहणाऱ्या एका माणसाच्या डोळ्याला तो पुरतो. पण तोच प्रकाश भिंतीवर पसरवायचा म्हटले तर चित्र दिसेनासे होईल. एडिसनने पडदा का वापरला नाही, असे मुले नेहमी विचारतात. एकेका गिऱ्हाइकाकडून पैसे घेण्यात जास्त फायदा आहे असा त्याचा व्यापारी हिशेब होता, हे उत्तर खरे आहे. पण यंत्राच्या पोटातच दुसरे उत्तर दडलेले आहे आणि ते मुलांना जास्त पटते.

या पेटीसाठी चित्रे घेणारा कॅमेरा, कायनेटोग्राफ, अवजड होता आणि विजेवर चालत असे, त्यामुळे तो दृश्याकडे जाण्याऐवजी दृश्यच त्याच्याकडे आणावे लागे. त्यासाठी १८९३ च्या प्रारंभी वेस्ट ऑरेंजच्या आवारात डांबरी कागदाने मढवलेली एक काळी खोली उभी राहिली. तिचे छप्पर उघडता येत असे आणि सूर्य सरकेल तशी सबंध खोली रुळावर फिरवता येत असे. कामगारांनी तिला ‘ब्लॅक मारिया’ असे नाव दिले. कैद्यांना नेणाऱ्या पोलिसांच्या काळ्या गाडीचे ते बोलीतले नाव होते. पैलवान सँडो, नर्तकी, नेमबाज, मुष्टियोद्धे असे रंगमंचावरचे लोक तेथे येत आणि काळ्या पार्श्वभूमीपुढे उभे राहून काही सेकंद आपली कला दाखवून जात. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दहा पेट्यांचे दालन उघडले. पेट्या पाच-पाचच्या दोन रांगांत मांडलेल्या होत्या आणि पंचवीस सेंट दिले की एका रांगेतल्या पाचही पेट्या पाहता येत.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. त्याच वर्षी कायनेटोस्कोप पॅरिसला पोहोचला आणि ल्योंमध्ये छायाचित्रांच्या काचांचा मोठा कारखाना चालवणाऱ्या आंत्वान लुमिएर यांनी तो पाहिला. त्यांचे दोघे मुलगे, ऑग्युस्त आणि लुई, कामाला लागले. फीत सरकवायची कशी, हा पेच होता. एका रात्री झोप लागत नसताना शिवणयंत्राच्या चालीवरून आपल्याला उत्तर सुचले, असे लुईने पुढे सांगितले आहे. १३ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी पेटंट घेतले.

सत्र घेणाऱ्याने येथे थांबावे, बोलणे बंद करावे आणि टेबलावर खरेच एक शिवणयंत्र ठेवावे. दोरा काढून टाकावा, सुईखाली कागदाची लांब पट्टी सरकवावी आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवावे. सुई वर असते तेव्हा खालचे दाते वर उचलले जातात, कागद पकडतात आणि थोडासा पुढे ढकलतात. सुई खाली येऊन टोचते तेव्हा दाते खाली गेलेले असतात आणि कागद जागच्या जागी थांबलेला असतो. सरकणे, थांबणे, टोचणे, पुन्हा सरकणे. पट्टी बाहेर काढून मुलांच्या हाती दिली की सारख्या अंतरावरची छिद्रे दिसतात. सुईच्या जागी प्रकाश आणि दात्यांच्या जागी दोन आकडे (हुक) कल्पा, म्हणजे सिनेमॅटोग्राफ झाला. आकडे फितीच्या छिद्रांत शिरतात, एका चित्राइतकी फीत खाली ओढतात, बाहेर निघतात आणि वर जातात. फीत सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडवते आणि फीत थांबलेली असताना वाट मोकळी करते. प्रत्येक चित्राच्या वाट्याला येणाऱ्या वेळापैकी सुमारे दोन तृतीयांश वेळ फीत स्थिर असते. पेटीत जो प्रकाश क्षणाच्या एका फटीतून येत होता, तो येथे भरपूर वेळ मिळाल्यामुळे पडद्यापर्यंत पोहोचतो. मी पाहिले आहे, की शिवणयंत्र पाहिलेल्या मुलांना ही गोष्ट पुन्हा समजावून सांगावी लागत नाही, आणि घरी गेल्यावर ती आईच्या किंवा आजीच्या यंत्रावर हाच प्रयोग करून पाहतात.

थोडे गणितही वर्गात करून घेण्यासारखे आहे. दोन्ही फितींची लांबी जवळजवळ सारखी होती. एडिसनच्या पन्नास फुटांत फुटाला सोळा याप्रमाणे आठशे चित्रे मावत. लुमिएरांच्या सतरा मीटरमध्ये साधारण साडेआठशे. पण कायनेटोग्राफ सेकंदाला चाळीसच्या घरात, कधी शेहेचाळीसपर्यंतही, चित्रे घेई, म्हणून आठशे चित्रे वीस सेकंदांत संपत. सिनेमॅटोग्राफचा वेग सेकंदाला सुमारे सोळा चित्रांचा, म्हणून तेवढीच फीत पन्नास सेकंदांपर्यंत पुरे. एडिसनकडे एक शिंक, एक कोलांटउडी, एक ठोसा मावत असे. लुमिएरांकडे फाटक उघडून माणसे बाहेर पडून पांगेपर्यंतचा अवधी मावत असे.

या फरकाची सर्वांत चांगली साक्ष दोन लोहारांची दृश्ये देतात, आणि ती दोन्ही आज सहज पाहायला मिळतात. ९ मे १८९३ रोजी ब्रुकलिनमध्ये कायनेटोस्कोप लोकांसमोर आला तेव्हा पेटीत दिसले ते तीन लोहार: ऐरणीवर घाव घालतात, मध्येच थांबून एकच बाटली एकमेकांकडे फिरवतात आणि पुन्हा कामाला लागतात. ते खरे लोहार नव्हते. एडिसनच्याच माणसांनी काळ्या खोलीत वठवलेला तो एक छोटा प्रवेश होता. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात लुमिएरांनी जी दहा दृश्ये दाखवली त्यांतही लोहारकाम होते. ते पाहून आलेल्यांना मोठे अप्रूप वाटले ते तापलेले लोखंड पाण्यात बुडवताच उठणाऱ्या वाफेच्या ढगाचे. एका ठिकाणी माणसांचा अभिनय लक्ष वेधतो, दुसऱ्या ठिकाणी वाफ. ही दोन दृश्ये एकापाठोपाठ दाखवून ‘काय वेगळे दिसले?’ एवढेच विचारावे. उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

सिनेमॅटोग्राफचे वजन जेमतेम पाच किलो होते आणि तो हाताने मूठ फिरवून चालत असे. चित्रे घेणे, कोऱ्या फितीवर त्यांची प्रत उतरवणे आणि मागे दिवा ठेवून ती पडद्यावर दाखवणे, ही तिन्ही कामे तेच लाकडी खोके करीत असे. म्हणजे एक माणूस एक खोके घेऊन जहाजात बसला की तो जाईल तेथे छायाचित्रकारही तोच आणि खेळ दाखवणाराही तोच. लुमिएरांनी अशी माणसे तयार करून देशोदेशी धाडली. त्यांपैकी प्रोमियोने १८९६ साली व्हेनिसमध्ये नावेत कॅमेरा ठेवून कडेचे वाडे सरकताना चित्रित केले, आणि कॅमेरा स्वतः चालू शकतो हे जगाला दिसले. ब्लॅक मारियाच्या चार भिंतींत ही गोष्ट सुचणेसुद्धा अवघड होते.

ऑस्ट्रेलियाकडे निघालेला असाच एक माणूस, मारियुस सेस्तिए, वाटेत मुंबईला उतरला आणि ७ जुलै १८९६ रोजी त्याने काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात खेळ लावला. तिकीट एक रुपया होते. पॅरिसच्या पहिल्या खेळाला तेव्हा सात महिनेही झाले नव्हते. महाराष्ट्रातल्या वर्गासाठी ही तारीख निर्णायक ठरावी असे मला वाटते, कारण आपल्याकडे चलच्चित्र आले ते लुमिएरांच्या पडद्यातून, आणि ते हॉटेल ज्या इमारतीत होते ती आजही मुंबईत, जीर्णावस्थेत का होईना, उभी आहे. त्यापुढची साखळीही जवळचीच आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावे दादा यांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डन येथे कुस्ती चित्रित केली आणि १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांचे स्वागतही टिपले. शिवाय पडद्यावर प्रकाशाने चित्र दाखवण्याची कल्पना मराठी प्रेक्षकाला अगदीच नवखी नव्हती. कल्याणचे महादेवराव पटवर्धन ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने काचांवरच्या रंगीत चित्रांचे कंदिलाचे खेळ लावत होते. अंधारात एकत्र बसून उजळ पडदा पाहण्याची सवय असलेल्या समाजाला पेटीपेक्षा पडदा लवकर आपलासा वाटला, यात नवल नाही.

लुमिएरांची बाजू घेणाऱ्याने दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. आगगाडी अंगावर येते आहे असे वाटून प्रेक्षक पळत सुटले, ही कथा सांगण्याचा मोह कोणालाही होतो. पण ती गाडी २८ डिसेंबरच्या त्या दहा दृश्यांत नव्हतीच. ती पुढे १८९६ च्या जानेवारीत दाखवली गेली, आणि पळापळीला भक्कम पुरावाही मिळत नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात एक फ्रँक मोजून तेहतीस माणसे आली होती. शोधाच्या इतिहासातली एवढी मोठी संध्याकाळ एवढ्या थोड्या लोकांपुढे झाली, हे पळापळीहून कितीतरी जास्त मन वेधते. दुसरे असे, की कारखान्यातून कामगार बाहेर पडण्याचे जे दृश्य आपण दाखवतो, त्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या उपलब्ध आहेत. एकीत दोन घोड्यांची गाडी आहे, एकीत एक घोडा आहे आणि एकीत घोडाच नाही. वास्तव जसेच्या तसे टिपले, असे म्हणून हे दृश्य दाखवायचे आणि ते तीनदा चित्रित झाले होते हे सांगायचे नाही, हे मुलांवर अन्यायाचे आहे.

एडिसनची बाजू घेणाऱ्यापुढची अडचण वेगळी आहे. पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र त्याच्या प्रयोगशाळेत जन्मलेच नाही. २३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बायल्स नाट्यगृहात ‘एडिसनचा व्हायटास्कोप’ म्हणून जे दाखवले गेले, ते वॉशिंग्टनच्या टॉमस आर्माट आणि फ्रान्सिस जेन्किन्स यांनी घडवलेल्या यंत्रातून आले होते. व्यवसायासाठी त्यावर एडिसनचे नाव घातले गेले. डिक्सन तर त्याआधीच, १८९५ च्या वसंतात, नोकरी सोडून गेला होता. पुढे पेटंटांच्या जोरावर खटले चालले, १९०८ साली मोठ्या कंपन्यांचा संघ बांधला गेला आणि १९१५ साली न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. ही गोष्ट वरच्या वर्गांना किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायची असेल तर एडिसनपासूनच सुरुवात करावी. शोध, श्रेय आणि मक्तेदारी यांचे नाते इतके स्पष्ट दाखवणारे उदाहरण सहसा मिळत नाही.

आणि तरीही एडिसनकडे, किंवा न्यायाने बोलायचे तर डिक्सनकडे, असे एक काम आहे ज्याच्यापुढे लुमिएरांना हार मानावी लागली. लुमिएरांच्या फितीला प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना एकेक गोल छिद्र असे. डिक्सनच्या फितीला चार-चार छिद्रे. चार छिद्रांवर ओढ विभागली जाते, फीत कमी फाटते, आणि अमेरिकेत तयार झालेली सामग्री तिच्याच मापाची होती. काही वर्षांतच लुमिएरांचे गोल छिद्र मागे पडले, ३५ मिलिमीटर आणि चार छिद्रे हेच माप जगभर रुळले, आणि डिजिटल काळ येईपर्यंत चित्रपटगृहांत तीच पट्टी धावत राहिली. लुमिएर बंधू १९०५ च्या सुमारास चित्रनिर्मितीतून बाहेर पडून रंगीत छायाचित्रणाकडे वळले, आणि १९०७ साली त्यांच्या ऑटोक्रोम काचा बाजारात आल्या. तोवर त्यांच्या यादीत चौदाशेहून अधिक दृश्ये जमली होती, पण ती दाखवायला जगाने फीत घेतली ती डिक्सनची.

तेव्हा निवड कशी करावी? तास एकच असेल, समोर शाळकरी मुले असतील आणि जागा महाराष्ट्रातली असेल, तर माझे मत निःसंशय सिनेमॅटोग्राफच्या बाजूने आहे. शिवणयंत्राने त्याचे काम हाताने दाखवता येते, त्याची दृश्ये घराबाहेरच्या जगाची आहेत आणि तो खरोखर मुंबईत आला होता. कायनेटोस्कोपची पेटी वर्गात बनवायला जाऊ नये. हा खटाटोप मी एकदा केला आहे. हाताने फिरवून त्या वेगाला पोहोचता येत नाही, फट आणि चित्र यांची गाठ चुकते आणि मुलांना नुसती लकलक दिसते. दोन तास मिळत असतील तर मात्र क्रम उलटा करावा. पहिल्या तासाला पेटी चित्रांतून आणि जुन्या दृश्यांतून समजावावी, ‘हे भिंतीवर का दिसत नाही?’ हा प्रश्न मुलांवर सोपवून तास संपवावा आणि दुसऱ्या तासाला शिवणयंत्र आणावे. मोठ्यांच्या फिल्म सोसायटीत, जिथे लोक चित्रभाषेवर बोलायला उत्सुक असतात, तेथे यंत्रांपेक्षा दोन लोहारांच्या दृश्यांवर वेळ घालवावा.

कोणताही मार्ग घेतला तरी जुन्या ३५ मिलिमीटर फितीचा हातभर तुकडा सोबत असावा. जुन्या चित्रपटगृहांत यंत्र चालवणाऱ्यांकडे तो अजून मिळतो. फक्त तो जुन्या ज्वालाग्राही नायट्रेट फितीचा नाही याची खात्री करून घ्यावी. मुलांना चित्राच्या कडेची छिद्रे बोटाने मोजायला लावावीत: एक, दोन, तीन, चार. मग सांगावे, की दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या चित्रपटासाठी जी कोरी फीत आली तिला छिद्रे नव्हतीच. ती घरी पाडावी लागत, आणि दिवसभराचा स्वयंपाक उरकल्यावर अंधारात बसून ते काम करणाऱ्या सरस्वतीबाई फाळके होत्या.